अण्णांच्या कानाच्या वाट्या

अण्णा, तुमच्या कानाच्या वाट्या मी फोडल्या. पिरंगुटच्या कंपनीनं दिलेल्या त्या पिवळ्या, माळ्यावर खताच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या. आवाजानं कान जाऊ नयेत म्हणून पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमधल्या प्रत्येकाला कंपनीनं एकेक जोड दिला होता. तुम्ही तो पहिल्याच दिवशी घरी आणलात, खुंटीला अडकवलात आणि परत कधी हात लावला नाहीत. "कान झाकल्यावर मशीन काय म्हणतंय ते कसं कळायचं? प्रेस आवाजावरनं चालवायचा अस्तोय," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, आणि सांगताना इतके ओरडायचात की रस्त्यानं जाणारी माणसं आत डोकावायची. त्यांना वाटायचं भांडण लागलंय. मशीनचं तुम्हाला सगळं कळायचं. घरातल्या माणसांचं तेवढं कळत नव्हतं. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून सोळा वर्षं मी तोंडाला कुलूप लावलं. आता नाही लावणार.

ओढ्याकडचं आपलं भाताचं खाचर बिल्डरला दिलंय. आईनं सही केली, चुलत्यांनी केली, मीही केली. शेजारी बारा मजले उभे आहेत, तेरावा चढतोय. होळी झाली की आपल्याकडे पोकलेन येणार आणि दोन पुरुष खोल माती उचलून कुठेतरी भरावाला नेणार. ती माती गेली की आईची बोरमाळही जाणार, कायमची. म्हणून मी ऑनलाइन मागवून मेटल डिटेक्टर घेतला. लवळ्याच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये काम करते मी, तिथल्या पोरांना वाटलं मॅडमना गुप्तधनाचा नाद लागला. लागू दे वाटायला.

बोरमाळ तुमच्या आईची. लाखेवर सोन्याचा पत्रा चढवलेले बोराएवढे मणी, लग्नात आईच्या गळ्यात पडलेली. त्या गुरुवारी तुम्हाला कंपनीची सुट्टी, म्हणून लावणी त्याच दिवशी उरकायची होती. शेजारी बारसं होतं. आई अर्ध्या तासात पाळण्याला हात लावून येते म्हणून माळ घालून गेली, आणि ती दारात येते न येते तोच तुम्ही ओरडलात, "चल की! रोप वाळतंय तिकडं!" पावसाळ्यात रोप वाळतंय म्हणे. तिला पायातली चप्पल काढायलासुद्धा उसंत दिली नाहीत. आपण तसेच निघालो. तुम्ही पुढे, तुमच्या मागे भाकरीचं फडकं घेऊन मी, आणि आई शेवटी. आई आजही सांगते, की वळणावर ती थांबली आणि हाक मारून म्हणाली, "अवं, गळ्यातलं ठिवून येते." तुम्ही वळला नाहीत. वीस वर्षं प्रेसपाशी उभं राहून तुमचा उजवा कान गेलेला होता आणि डावा जायच्या वाटेवर होता. खुंटीवरच्या वाट्या मात्र नव्याकोऱ्या होत्या.

संध्याकाळी चुलीपुढे बसल्यावर आईचा हात गळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी चिखलात सगळे वाकून वाकून शोधत होते, तुम्ही सोडून. तुम्ही बांधावर उभे. तिसऱ्या दिवशी तुम्ही निकाल दिलात, की माळ हरवलीच नाही, आईनं ती भावाला दिली. मामांच्या घरी तेव्हा अडचण होती, हे खरं. पण अडचण असलेला माणूस चोर असतो हे तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात? आई म्हणाली, मी हाक मारली होती, माळ ठेवून येते म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, "तसलं काय बोलली न्हाईस तू. पोर हुती की मधी. इचार पोरीला." मग तुम्ही मला विचारलंत. त्याचं पुढे लिहीन.

भाऊबीजेला मामा आले. मुठा खोऱ्यातून एसटी बदलून बदलून, पिशवीत आईला लुगडं आणि मला गुलाबी रिबिनी घेऊन. आईनं पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं. मामांनी टोपी सारखी केली आणि ते बसले. तुम्ही ओसरीवरून, त्याच तुमच्या आवाजात विचारलंत, "माळ आणलीस का?" अख्ख्या आळीनं ऐकलं. मामा हळूच बोलणारे, त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, तुम्हाला ते ऐकू आलं नाही, म्हणून तुम्ही आणखी मोठ्यानं विचारलंत. मामा उठले. ओवाळून झालं नव्हतं. आईच्या हातात ताट तसंच. मामा दारातून म्हणाले, "ताई, माळ घावंल तवा सांगावा धाड. तवाच येईन." अठ्ठावीस वर्षं झाली. ते आले नाहीत आणि आई गेली नाही. तुम्ही तिला जाऊ दिलं नाहीत, आणि तुम्ही गेल्यावर ती म्हणायला लागली, "रिकाम्या हातानं कुठल्या तोंडानं जाऊ?" दर भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरही नव्हता, नुसती फाशीच होती.

तुम्ही वाईटच होता असं लिहून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. कंपनीच्या भंगारातून तुम्ही मला एक लोहचुंबक आणून दिलं होतं, स्पीकरमधलं, जाड बांगडीसारखं. त्याला सुतळी बांधून मी ते धुळीतून ओढत फिरायचे आणि त्याला चिकटलेला लोखंडाचा चुरा कागदावर नाचवायचे. आज मी ज्या लॅबमध्ये काम करते तिची सुरुवात त्या चुंबकाची, हे मला नाकारता येत नाही आणि त्याचाही मला राग येतो. पुढच्या उन्हाळ्यात मी ते चुंबक घेऊन खाचरात गेले. भेगा पडलेल्या ढेकळांवरून ओढत होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तुम्ही बांधावरून बघितलंत आणि हसलात. "येडे, सोनं चिकाटतं व्हय लोहचुंबकाला?" मी रडायला लागले, तर म्हणालात, "आन् शोधतीस कशाला? माळ हितं न्हाईच. तुझ्या मामाच्या घरात हाय." मी अकरा वर्षांची होते. सोनं चिकटत नाही हे मला माहीत नव्हतं. मी दिवसभर काय शोधत होते आणि का, हे तुम्ही विचारलं नाहीत.

तर डिटेक्टर. यंत्र बरं होतं, त्याच्याबरोबर आलेले हेडफोन अगदी टाकाऊ. कानावर नुसते टेकतात, झाकत काही नाहीत. शेजारच्या साइटवर काँक्रीटचा मिक्सर, सळई कापायचं यंत्र, स्लॅब बसवायचा व्हायब्रेटर. लोखंड असलं की डिटेक्टर खेकसतो, ते बहिऱ्यालाही कळेल. पण पातळ सोन्याचा आवाज फार बारीक येतो, शेजारच्या खोलीत कुणीतरी सुस्कारा टाकावा एवढाच. तो त्या गोंगाटात कुठला ऐकू येतोय? अमावास्येला तरी काम बंद असेल म्हणून गेले. आपले गवंडी अमावास्येला थापी धरत नसत. आताच्या मिस्तऱ्यांना अमावास्या नाही की पौर्णिमा नाही. त्यातला एक कुंपणाच्या पत्र्यावरून वाकून म्हणाला, "मॅडम, क्या गिर गया?" मी म्हटलं, "हार." त्यानं विचारलं, "कब?" मी वर्षं सांगितली, आणि थोड्या वेळानं तो पाण्याची बाटली टाकून गेला. तुमच्यापेक्षा त्याला लवकर समजलं.

घरी येऊन माळ्यावर चढले. तुमच्या वाट्या पिशवीतून काढल्या. कडेच्या गाद्यांचा फोम सडून चिकट झाला होता, पण प्लॅस्टिक ठणठणीत, आतला स्पंज कोरा. वापरल्याची एक खूण नाही. हेडफोन उघडून त्यांचे स्पीकर काढले आणि तुमच्या वाट्यांत बसवले, मागे कापूस भरला. वायरसाठी तळाशी भोक पाडलं. पहिल्या दिवशी कानाला लावल्या तर बाहेरचा आवाज आहे तसाच आत. बारकाईनं पाहिलं तेव्हा कळलं, वायरच्या बाजूनं सुईएवढी फट राहिली होती, सगळा गोंगाट तिथून घुसत होता. आत वायरला गाठ मारली आणि भोक सिलिकॉननं बुजवलं. मग एकाच कानात आवाज यायला लागला, कारण यंत्राचा जॅक वेगळा आणि हेडफोनचा वेगळा. दोन्ही वायरी एकत्र डागल्या. लवळ्याच्या फाट्यावर रिक्षाची सीटं शिवणारा आहे, त्याच्याकडून रेक्झिनच्या नव्या गाद्या शिवून घेतल्या. त्या लावल्या तरी चष्म्याच्या काडीशेजारून आवाज येतच होता, म्हणून चष्मा काढून ठेवला. आणि शेवटी मध्ये एक रेझिस्टर टाकला, म्हणजे खिळा लागला तरी यंत्र कानात किंचाळू नये. तुमच्या कानांचं जे झालं ते माझ्या कानांचं व्हायला नको होतं.

मग बांधावर उभी राहून मी त्या वाट्या कानाला लावल्या. अण्णा, मिक्सर फिरत होता आणि मला तो लांबच्या गावातला वाटला. माझा श्वास ऐकू आला, आवंढा गिळला तो ऐकू आला. त्या क्षणी तुमचा जेवढा राग आला तेवढा तुम्ही हयात असताना कधी आला नव्हता. इतकं सोपं होतं ते! खुंटीवरून काढायचं आणि कानाला लावायचं. आठ तास लावून घरी आला असतात तर त्या वळणावर मागून आलेली हाक ऐकली असतीत, आई माघारी जाऊन माळ ठेवून आली असती, मामा पाटावर बसून जेवून गेले असते. तुमच्या एका तोऱ्यापायी हे सगळं झालं.

सुतळी बांधून खाचराचे पट्टे पाडले आणि पाच रविवार एकेक पट्टा चालले. गुटख्याच्या पुडीचा आवाज थेट पातळ सोन्यासारखा येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बादलीभर पुड्या निघाल्या, बाइंडिंग वायरचे तुकडे, खिळे, बाटल्यांची बुचं आणि एक चुन्याची डबी. ती तुमचीही असेल. मी ती परत पुरली. पाचव्या रविवारी पाणी सोडायच्या मोरीपाशी तो सुस्कारा आला. वीतभर खणलं, माती चाळली. चेपलेला मणी, आत काळी लाख. दीड हाताच्या अंतरात आणखी दोन. बाकीचे नांगरानं कुठे नेले देव जाणे, पुढे काही लागलं नाही.

आई ओट्यावर वाल निवडत होती. तीन मणी तिच्या सुपात ठेवले. तिनं एक उचलला, पदरानं पुसला, उजेडाकडे धरला. "चेपलं गं," एवढंच म्हणाली. मी बोलायला लागले. म्हटलं, आता सगळ्यांना सांगू, तू खरं बोलत होतीस, अण्णाच बहिरे, अण्णांचीच सगळी चूक. ती वाल निवडतच होती. मग म्हणाली, "त्यांचे कान गेल्याले हुते, त्यांच्यापातूर न्हाई पोचलं. तुझ्यापातूर पोचलं हुतं. तू मागं वळून बघितलं हुतंस." मी विचारलं, "मग तू कधी बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "काय बोलायचं? धा वर्साची पोर. तुला बी त्यांच्यापुढं उभं करू?" आणि तीन मणी पदराच्या गाठीत बांधून उठली. "उद्या भावाकडं जायाचं. रिक्षावाल्याला सांगून ठिव. तू बी चल."

अण्णा, हे पत्र मी मणी सापडल्यावर, आज सकाळी लिहायला घेतलं होतं, आईशी बोलणं व्हायच्या आधी. मणी घेऊन मामांकडे जाऊ तेव्हा त्यांच्या ओसरीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचणार होते, तुमच्याच आवाजात. आता घडी करून वाट्यांबरोबर खताच्या पिशवीत ठेवणार आहे, कारण पुढे लिहीन म्हटलेलं लिहायचं राहिलंय. त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मला समोर उभं केलंत आणि विचारलंत, "आई वाटंत काय बोलली का? खरं सांग." तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होतात, ऐकू येत नसलं की बघायचात तसे, आणि खरोखर वाट बघत होतात. ओरडला नव्हतात. मी हो म्हटलं असतं तर तुम्ही मानलं असतंत, माझं तुम्ही नेहमी मानायचात. पण आई खरी ठरली असती तर तुम्ही खोटे ठरला असतात, आणि मग तुम्ही काय कराल याची मला भीती वाटली. मी मान हलवली. नाही म्हणून. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. मला आलं होतं.