हाडांच्या दवाखान्याचं गाव

ता. ३ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तब्येत बरी असेल असं धरते, कारण मला भांडायचंय. घरोघर जाऊन रक्ताचे नमुने आणायची नोकरी मला लागली, पण मोटारसायकलचा विमा हवा अशी लॅबची अट आहे. काल तुझ्याच कंपनीच्या इथल्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, आमच्या गावात मोटारसायकलचे विमे बंद! का, तर अपघात फार होतात म्हणे. अरे, इथल्या खड्ड्यांतून सायकलही आम्हाला मागे टाकते! महिनाअखेर कागद दिला नाही तर नोकरी गेली. रडकुंडीला आलेय. काहीतरी कर.

मामीला नमस्कार. राग आला तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी भिंगरी

ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बंद केलेल्या गावांच्या त्या यादीवर माझीच सही आहे. कंपनीचं कुणाशी वैर नाही गं. एखाद्या भागातून येणाऱ्या हप्त्यांपेक्षा भरपाईच जास्त जायला लागली, की तिथला विमा बंद करतात. तुमच्या गावाच्या नावावर वर्षात एकशे चाळीस दावे आहेत! आकडा बघून माझे डोळे पांढरे झाले. खरं सांगतो, तुला विमा मिळणार नाही, म्हणजे तू गाडीवर हिंडणार नाहीस, या विचाराने मी सुखावलोच. खुर्चीवरचं काम माग ना त्यांच्याकडे.

शिव्या घाल, पण पत्र पाठवत जा.

मामा

ता. १४ मार्च

ती. मामास,
सा. न.

शिव्या घालून झाल्या. मग खरंच इतके अपघात होतात का ते विचारायला लॅबशेजारच्या हाडांच्या दवाखान्यात गेले. आसपास असा दवाखाना हा एकच. तिथले प्लास्टरवाले काका तुझा आकडा ऐकून हसतच सुटले. म्हणाले, मोडलेल्या पायांपैकी बहुतेक लांबच्या खाणींच्या रस्त्यावरून येतात. या आठवड्यात गावातला एकच, तोही जिन्यावरून पडलेला. माणसं पडतात तिकडे आणि प्लास्टर होतं इकडे. तुमच्या कागदांवर गाव कुठलं लिहितात, एकदा बघ ना रे.

तुझी हट्टी
भिंगरी

ता. २२ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तीन दिवस कपाटं उपसली. अपघाताच्या जागेच्या रकान्यात आमच्याच माणसांनी डॉक्टरच्या दाखल्यावरचं गाव उतरवलंय, आणि मी डोळे झाकून सही ठोकली. तुमच्या गावातले खरे दावे निघाले सहा. साहेबांपुढे चूक कबूल केली, चार शब्द ऐकून घेतले. पण तुमचं गाव यादीतून निघालं. खाणींचा रस्ता मात्र यादीत गेलाय, तिकडे फिरकायचं नाही. हुश्श! तुझ्या नोकरीमुळे बरं वाटलंच, पण एकशे चाळीसचे सहा झाले तेव्हा खरा जिवात जीव आला.

म्हाताऱ्यावर लोभ असू दे.

मामा

ता. २८ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

कागद मिळाला, नोकरी पक्की! आज सकाळी अकरा घरं फिरून आले आणि मगच हे लिहायला बसले.

अर्जात विचारलं होतं, मला काही झालं तर पैसे कुणाला द्यायचे. बाई म्हणाल्या, आईचं नाव घाला. मी तुझं घातलं. इतकी वर्षं लोकांचे दावे तपासलेस, मामा. हा एक दावा मी तुझ्या टेबलावर कधीही येऊ देणार नाही.

अशीच काळजी करत राहा.

तुझी भिंगरी