प्रमाण चालीतील उजव्या टाचेबाबत

प्रति,
मा. अध्यक्षा,
लेखकत्व व संदर्भ तपासणी समिती,
चालशास्त्र व वैद्यकीय यंत्रमानव संशोधन संस्था,
दुसरा मजला, जिन्याशेजारी.

अर्जदार : फिटर, यंत्रशाळा, तळमजला.

विषय : शोधनिबंधाच्या लेखकांत अर्जदाराचे नाव घालून त्याच्याकडून झालेली चूक त्याला कबूल करू देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज. २) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर : "दुरुस्ती फक्त लेखकच सुचवू शकतो." ३) लेखक करून घेण्याबाबतचा दुसरा अर्ज. ४) त्यावर उत्तर : "चालणे हे योगदान नव्हे."

महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार या संस्थेत बावीस वर्षे फिटर आहे. लुळ्या पायाला बांधून त्याला चालायला शिकवणारा जो यंत्रपाय संस्थेने तयार केला, त्याचे सांधे अर्जदाराने जोडले. पण पाय नुसता जोडून भागत नाही. कसे चालायचे हे त्याला कोणाच्या तरी चालीवरून दाखवावे लागते. चौदा वर्षांपूर्वी त्यासाठी एक धडधाकट माणूस ठरवला होता, आणि तो आयत्या वेळी आला नाही. अर्जदार तिथेच स्क्रू आवळत बसला होता. त्याच्या पायांवर चमकत्या टिकल्या चिकटवून त्याला कॅमेऱ्यांसमोर चाळीस फेऱ्या मारायला लावण्यात आले. निबंधात ज्याला "निरोगी प्रौढ, सहभागी क्र. १" म्हटले आहे तो हाच. सहभागी क्र. २ कधी झालाच नाही.

२. संस्थेचा नियम असा की, मोजणी संस्थेच्याच बुटांत व्हावी. बुटांचा जोड एकच, आठ नंबरचा. अर्जदाराचा पाय नऊ नंबरचा. पंधराव्या फेरीला उजवी टाच सोलवटली. पुढच्या पंचवीस फेऱ्या अर्जदाराने टाच टेकायचे टाळत, पाऊल आखूड टाकत व कंबर किंचित उचलत मारल्या. पहिल्या पंधरा फेऱ्या "पाय मोकळे होण्यासाठी" म्हणून नियमानुसार वगळल्या गेल्या, म्हणजे चांगल्या तेवढ्या गेल्या. शेवटी "काही त्रास झाला का?" या रकान्यात अर्जदाराने "नाही" लिहून सही केली. हे सांगताना त्याला आजही लाज वाटते. पण मोजणी घेणारी विद्यार्थिनी पहिल्यांदाच एकटीने प्रयोग करत होती, प्रत्येक टिकली तीन-तीनदा तपासत होती, आणि दर फेरीला म्हणत होती, "छान काका, अगदी नेहमीसारखं चाला." तिचा दिवस बिघडू नये म्हणून अर्जदार मूग गिळून चालत राहिला. शिवाय "निरोगी" म्हटल्यामुळे त्याच्या अंगावर मूठभर मांस चढले होते, हेही नमूद करणे भाग आहे. सदर विद्यार्थिनी म्हणजे आपण.

३. त्या पंचवीस फेऱ्यांच्या सरासरीवर आपला निबंध छापून आला. आजवर तीनशे बारा निबंधांनी त्याचा संदर्भ दिला आहे. अर्जदाराने सुटीच्या दिवशी ग्रंथालयात बसून त्यांतले जमतील तेवढे चाळले. प्रत्येकाने आधीच्याची री ओढली आहे. टाचेकडे कोणीच पाहिलेले नाही. एकाने आखूड पावलाला "शक्तीची नैसर्गिक काटकसर" म्हटले आहे. दुसऱ्याने कंबर उचलण्यावर प्रबंध लिहून पदवी घेतली आहे. तिसऱ्याने तर टाच पूर्ण टेकणाऱ्या लोकांना "प्रमाणापासून ढळलेले" ठरवून त्यांच्यासाठी व्यायाम सुचवले आहेत. अर्जदाराची जखम आठ दिवसांत भरून आली होती.

४. "चालणे हे योगदान नव्हे" हे आपले म्हणणे अर्जदार मान्य करतो. मात्र निबंधावर सहा नावे आहेत. त्यांतले चौथे गृहस्थ त्या महिन्यात रजेवर होते. पाचव्यांनी खोलीची किल्ली दिली. सहावे कोण, हे संस्थेत कोणालाच सांगता येत नाही. त्यांच्या नावाने आलेली पत्रे टपालवाल्या बाई कंटाळून परत घेऊन जात. अर्जदाराला मान नको आहे. लेखक मंडळी श्रेयासाठी भांडतात. अर्जदाराला फक्त दोष स्वतःच्या नावावर करून हवा आहे, आणि दोष घ्यायलाही लेखक असावे लागते हा आपलाच नियम.

५. चौदा वर्षे गप्प बसलेल्या माणसाला आताच कंठ का फुटला, असे आपण विचाराल. सदर टपालवाल्या बाई म्हणजे अर्जदाराची थोरली बहीण. तीस वर्षे तिने या भागात टपाल वाटले, आणि ती अशी झपझप चाले की तिच्या येण्यावर लोक घड्याळ लावत. मागच्या हिवाळ्यात तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. खालच्या पुनर्वसन कक्षात तिला आपला यंत्रपाय लावला, आणि तीन महिन्यांत ती आधाराशिवाय चालली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अर्जदार दारात उभा होता; त्याचे हात उचललेच नाहीत. ताई उजवी टाच न टेकता, पाऊल आखूड टाकत, कंबर उचलत त्याच्याकडे येत होती. ताई म्हणाली, "अरे, काय शिकवतायत हे मला? पाय दुखत नाही की खुपत नाही, तरी बूट चावल्यासारखी चालतेय मी!" बुटांची गोष्ट अर्जदाराने तिला कधीच सांगितलेली नाही. कक्षातल्या बाईंनी तक्ता पाहून कौतुकाने सांगितले, "प्रमाणाशी तंतोतंत जुळतंय!" सत्रे आता सहाच उरली आहेत. त्यानंतर चाल अंगात मुरते आणि सुटता सुटत नाही, असेही त्याच बाईंचे म्हणणे.

६. अर्जदाराने पुन्हा चालून दाखवले असते, पण आता त्याचे गुडघे गेले आहेत. मात्र आपल्याला आठवत असेल : त्या दिवशी मोजणीआधी कॅमेरे जुळवायला कोणीतरी चालायला हवे होते, आणि ताई टपाल घेऊन आली होती. आपण तिलाच टिकल्या लावल्या. पिशवी टेबलावर ठेवून, रोजच्या झिजलेल्या बुटांत तिने सहा फेऱ्या मारल्या आणि "झालं ना? मला अजून दोन गल्ल्या आहेत," म्हणून ती निघून गेली. बूट संस्थेचे नसल्याने ती मोजणी बाद धरली गेली. भांडारपाल कधी काही फेकत नाहीत, म्हणून ती सीडी सापडली. अर्जदाराने काल ती लावून पाहिली. पडद्यावर नुसते टिकल्यांचे ठिपके आहेत, चेहरा नाही. पण त्याने ताईला पहिल्याच पावलाला ओळखले. यंत्रशाळेत कोणी नव्हते, म्हणून अर्जदार थोडा रडला.

तरी विनंती की, बुधवारच्या सत्रापूर्वी ही चाल यंत्रपायात भरावी व ताईला तिचेच चालणे परत द्यावे. तीनशे बारा निबंधांचे काय करायचे ते आपण सावकाश ठरवावे. अर्जदाराला लेखक केले नाही तरी तो चौथा अर्ज करणार नाही. दुरुस्तीत आपल्या नावाला बट्टा लागेल असे वाटल्यास "बुटांचा नंबर विचारायचा राहिला" असे न लिहिता "सहभागी खोटे बोलला" असे लिहावे. ते खरेच आहे.

आपला आज्ञाधारक, व त्या दिवशी जरा जास्तच आज्ञाधारक ठरलेला,

(सही)
फिटर, यंत्रशाळा

दिनांक : सोमवार. (सत्र परवा सकाळी दहाला आहे.)

सोबत :
१) संस्थेचा बूट, उजवा, एक नग. आतील डाग पाहावा.
२) "त्रास : नाही" या सहीच्या कागदाची प्रत.
३) सीडी, एक. लेबल अर्जदाराच्याच अक्षरात : "कॅमेरा जुळवणी. टपालवाल्या बाई. उपयोग नाही." यातील शेवटचे दोन शब्द अर्जदाराने आज खोडले आहेत.