पाहुण्याच्या डोक्यावरची सरहद्द

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला? इकडे आम्ही मजेत आहोत. जगाचं तेवढं बरं चाललेलं नाही, पण तो विषय तुझ्या पत्रात काढायचा नाही असं मी ठरवलं आहे. ते ठरवणं कितपत टिकतं ते तूच बघ.

तुझं पत्र पोचलं. बबडीने पसंत केलेल्या मुलाचे वडील रविवारी तुमच्याकडे बोलणी करायला येणार, गृहस्थ मोजूनमापून बोलणारे, सबब मी त्या दिवशी आपलं दुकान उघडं ठेवावं आणि तिकडे फिरकू नये, हे वाचलं. राग नाही आला. वाईट मात्र वाटलं. जिचे केस लहानपणापासून मी कापले (एकदा कान थोडक्यात वाचला), तिच्याच बोलण्यांना मामा नाही. आता मागच्या खेपेला भर पंगतीत मी एका परदेशाच्या निवडणुकीवरून भाऊजींच्या चुलतभावाशी भांडलो, हे खरं आहे. त्या देशात आपल्यापैकी कोणालाच मत नव्हतं, हेही खरं.

तर गोष्ट मंगळवारची. आमच्या दुकानाची रीत तुला ठाऊक आहे. बाकावर बसून निवृत्त मास्तर पेपर मोठ्याने वाचणार, शेजारचा शिंपी प्रत्येक बातमीला विरोध करणार, आणि खुर्चीतल्या माणसाला मत नाही, कारण वस्तरा त्याच्या गळ्याशी असतो. त्या दिवशी खुर्चीत एक अनोळखी, शांत गृहस्थ होते. चष्मा काढून माझ्याकडे दिलेला. मास्तरांनी सुरुवात केली. एका देशात राष्ट्राध्यक्ष पुन्हा निवडून आले आणि त्यांना एकूण मतदारांपेक्षा जास्त मतं पडली. (लोकप्रियता लोकप्रियता म्हणतात ती हीच.) दुसरीकडे वाढत्या उष्णतेवरची जागतिक परिषद सभागृहातला एसी बंद पडल्यामुळे पुढे ढकलली. तिसरीकडे एका मंत्र्याने सकाळी राजीनामा दिला, दुपारी परत घेतला आणि संध्याकाळी आपण तो दिलाच नव्हता असं सांगितलं. इथवर शिंपीसुद्धा हसत होता. मग आली बेटाची बातमी. नदीच्या मधोमध एक बेट, त्यावर वस्ती फक्त बगळ्यांची, आणि दोन देशांच्या फौजा काठांवर समोरासमोर. शिंप्याने सरहद्द बेटाच्या डावीकडून नेली, मास्तरांनी उजवीकडून, आणि दोघे हमरीतुमरीवर आले. मला राहवेना. मानेवरची कड साफ करण्यासाठी केस कापायच्या मशीनची फणी (ती नसली की केस मुळापासून जातात) मी नुकतीच काढून ठेवली होती, हे त्या भरात डोक्यातून गेलं. (माझ्या.) मी म्हटलं, अरे भांडता काय, समजून घ्या, नदी अशी येते, आणि मशीन गृहस्थांच्या कपाळापासून सरळ मागे नेलं. भोवऱ्याशी बेट राखलं आणि दोन्ही बाजूंनी नदी खाली उतरवली.

नदी फार स्वच्छ निघाली. शिंपी हळूच दाराकडे सरकला. गृहस्थांनी चष्मा मागितला, आरशात बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बेट कोणाकडे गेलं?"

ताई, तीस वर्षांत खुर्चीतला माणूस चर्चेत पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. गृहस्थ जमिनीची मोजणी करणारे निघाले. सगळी नोकरी बांधांच्या भांडणांत गेलेली. नदी दर पुरात पात्र बदलते, तेव्हा मास्तरही चूक आणि शिंपीही चूक, असा त्यांनी निकाल दिला. मग मला म्हणाले, "आता सगळंच काढा. सरहद्दच ठेवू नका." मी काढलं. जगात कुठे नसेल अशी शांतता त्या डोक्यावर पसरली आणि आम्ही चौघे पोट दुखेपर्यंत हसलो.

जाताना त्यांनी आपण कोण ते सांगितलं: बबडीचे होणारे सासरे. जमीन मोजण्याआधी ते न सांगता एक चक्कर मारून येत. सोयरीक जोडण्याआधीही तेच केलं. बबडी मुलाशी सारखी माझ्याबद्दल बोलते म्हणे, म्हणून आधी मामाच बघायला आले. म्हणाले, "पोरीचा तुमच्यावर एवढा जीव का, ते कळलं." मी टॉवेलने डोळे पुसले. टॉवेल केसांनी भरलेला होता, त्यामुळे डोळे अजून चुरचुरताहेत.

भाऊजींना नमस्कार, बबडीला पोटभर आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. रविवारी पाहुण्यांच्या डोक्याकडे बघून कोणी हसू नये. उकाड्यामुळे केस काढले असं त्यांनी घरी सांगितलं आहे.

आणखी एक ता. क. मामा हजर नसेल तर बोलणी होणार नाहीत, अशी त्यांची अट आहे.

शेवटचा ता. क. अट वगैरे काही नाही. ते "रविवारी भेटूच" एवढंच म्हणाले आणि मी हो म्हणून बसलो. ताई, मला बोलाव गं. राजकारणाचा एक शब्द काढणार नाही. (तो मास्तर आणि शिंपी काढतील. त्यांनाही मी हो म्हणून बसलो आहे.)