गाडीची बसकण

१२ ऑक्टोबर

घेतली! घेतली एकदाची! खाणीतला साहेब बदली होऊन राजधानीला चालला. त्याला ती तिकडे न्यायची नव्हती आणि मला ती हवीच होती. एका बैठकीत सौदा पटला. चामड्याच्या सीटा, स्टिअरिंगला खरंखुरं लाकूड, आणि पुढची सीट बसल्याबसल्या गरम होते. (डावीकडचीच. उजवीकडची, म्हणजे माझी, गार ती गारच.) वीस वर्षांपूर्वी ही जपानात कुणा बड्या असामीच्या दारात उभी असणार. आता दालानझादगादमध्ये माझ्या केस कापायच्या दुकानासमोर उभी आहे!

किल्ली फिरवली की आतली बाई जपानीत गोड आवाजात काहीतरी बजावते. पडद्यावरच्या नकाशात गाडी अजून तिकडच्याच एका बंदरात आहे, चहूकडे निळंशार पाणी. गोबीच्या वाळवंटात!

पैसे संपले. पण मी फार खूश आहे.

१३ ऑक्टोबर

सकाळी पडदा सारला तर गाडी फतकल मारून बसलेली. मला वाटलं चारही टायर कुणी फोडले. टायर ठणठणीत! किल्ली फिरवली, बाई बोलली, आणि गाडी कण्हत कुथत, आधी मागून, मग पुढून, उठून उभी राहिली. संध्याकाळी परत खाली.

साहेब याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता.

१५ ऑक्टोबर

शारवकडे नेली. त्याचं गॅरेज म्हणजे बाजाराच्या टोकाला टाकलेला जुना कंटेनर. गाडीखाली गेला, शीळ घातली, बाहेर आला.

‘ताई, ही गाडी तेलाच्या दाबावर उभी राहते. साध्या गाडीत स्प्रिंगा असतात, हिच्यात तेल. तेल गळतंय. इंजिन बंद केलंत की हिचा जीव खाली.’

‘मग बदल ना काय ते.’

‘चार चाकांचं बदलायचं म्हणजे — तुमच्या दुकानाच्या बदल्यात होईल.’

हसला मेला! मीही हसले, काय करणार. जाताना म्हणाला, ‘श्रीमंताच्या घरची सून आणलीत ताई. आता नखरे सोसा.’

१९ ऑक्टोबर

दुकानाच्या काचेतून गाडी दिसते. गिऱ्हाइकांची चैन झालीय. खांडसुरेन मावशी केसांना रोलर लावून तास-तास बसतात, आज त्यांनी पूर्ण बसकण डोळ्यांनी पाहिली. ‘अगं ओदोन्चिमेग, मी आले तेव्हा चाकं दिसत होती की!’ आणि मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं, ‘माझ्यासारखीच आहे. बसली की उठवत नाही.’

डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा कायम पेटलेला असतो. आज त्यावर चिकटपट्टी लावली. एक दुखणं बरं झालं.

२७ ऑक्टोबर

बाबांकडे जाऊन आले. सगळं लिहून ठेवायचंय.

धाकटा भाऊ तोग्तोख आणि त्याची बायको उंटांसकट यंदा विहिरीजवळ उतरलेत, बाबांचं गेर, लोकरीच्या नमद्याचं गोल तंबूघर, त्यांच्या शेजारी. पोचता पोचता शेवटच्या कोरड्या ओढ्यात गाडी गेली. पलीकडे चढायच्या ऐवजी आतच बसली! ओढा काही खोल नाही, पण काठ अगदी गाडीच्या दारापर्यंत. सगळं घर बाहेर येऊन बघतंय, आणि मी शहरातली शहाणी, चामड्याच्या सीटवर. बाबा गेरच्या दारात काठीवर रेलून इतके हसले की खोकला लागला.

किती दिवसांनी हसले! खुबा मोडला त्याला दोन वर्षं झाली. जन्मभर उंटावर काढलेला माणूस, आता विहिरीपलीकडे जात नाही. गेल्या वर्षी तोग्तोखने आणि शेजाऱ्याने त्यांना दोन बाजूंनी धरून ट्रकमध्ये चढवलं होतं. ‘मी काय लोकरीचं पोतं आहे?’ म्हणाले आणि आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. त्यानंतर ट्रकचं नावही काढू देत नाहीत.

आणि आज! ओढ्यातून कशीबशी बाहेर काढलेली गाडी गेरसमोर बसलेली. बाबा तिच्याभोवती एक फेरी मारून आले, तपकिरीची बाटली काढून नाकाला लावली, गाडीकडे नीट पाहिलं. मग डावं दार उघडलं आणि कुणाचाही हात न धरता आत जाऊन बसले. स्वतःहून! मी किल्ली फिरवली. गाडी मागून उठली, पुढून उठली. बाबांनी मांडीवर थाप मारली. ‘अरे, ही तर उंटीण! मागून उठते!’

विहिरीला एक चक्कर मारली. स्टिअरिंग उजवीकडे म्हणून डावीकडचा रस्ता बाबाच बघत होते. ‘ये... ये... थांब, बोकड आहे.’ सीट गरम झाल्यावर पाठ टेकून ऐसपैस बसले. मग म्हणाले, ‘मार्चमधल्या शर्यतीला मला हिच्यातून ने.’

त्यांनी स्वतः तयार केलेला तांबूस उंट पहिल्यांदाच धावणार आहे, तोग्तोख बसणार आहे त्यावर. मी म्हटलं, नेते बाबा. नेते म्हणजे नेते. आता ही गाडी मार्चपर्यंत जगवायचीच.

निघताना वहिनीने प्रवास सुखाचा व्हावा म्हणून चाकांवर दूध शिंपडलं. गळकी जागा नेमकी कुठली ते दाखवायचा मोह झाला!

९ नोव्हेंबर

छताची खिडकी उघडून पाहिली. नको तो शहाणपणा! मिटत नाही.

१० नोव्हेंबर

अजून नाही. रस्त्यावरून जाताना डोक्यात बर्फ पडतंय आणि खाली जपानी बाई गोड बोलतेय. शारव म्हणाला, मोटर जळली, पार्ट राजधानीतून मागवू.

२२ नोव्हेंबर

पार्ट आला. बसवाल्याला सिगारेटचं पाकीट देऊन आणवला. दुसऱ्याच मॉडेलचा निघाला.

तोग्तोखने बाबांच्या जुन्या गेरचा नमदा कापून पाठवला. शारवने तो भोकात ठोकून बसवला. आता माझी गाडी वरून गेर आहे. खरं सांगायचं तर मोटरपेक्षा उबदार!

१८ डिसेंबर

दारं गोठली. दुकानातला केस वाळवायचा ड्रायर लांब वायर लावून बाहेर नेला, कुलपाला वारा घातला. खांडसुरेन मावशी ओल्या केसांनी आत कुडकुडत. ‘आधी गिऱ्हाईक का आधी गाडी?’

म्हटलं, मावशी, तुम्ही निदान स्वतःच्या पायांनी आत आलात.

१४ जानेवारी

बाबांकडे. गाडी त्यांच्या दारात रात्रभर बसली. सकाळी काठीने बॉनेटवर टकटक करून बाबा म्हणाले, ‘सोग, सोग.’ उंटाला खाली बसवताना म्हणतात तसं. ती बसलेलीच होती! ‘बघ, माझं ऐकते,’ म्हणाले. बसले, आम्ही उंट बघून आलो. तांबूस उंटाच्या दोन्ही मदारी ताठ आहेत. बाबा त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलतात.

परत येताना मात्र माझी तारांबळ. गाडीला उभं राहायला आता फार वेळ लागतो. धापा टाकते. एका दगडावर पोट आपटलं, आवाज माझ्या दातांत आला. बाबा म्हणाले, ‘दमली बिचारी.’

३० जानेवारी

झोप उडाली आहे. शर्यतीच्या दिवशी, भर माळावर, बाबा आत असताना ही बसली आणि उठलीच नाही तर? मग कुणीतरी ट्रक आणणार, दोन माणसं बाबांना धरणार, सगळ्या उंटवाल्यांसमोर पोत्यासारखं उचलणार. नाही! तसं झालं तर ते परत घराबाहेर पडायचेच नाहीत. मी त्यांना ओळखते.

१ फेब्रुवारी

शारवला म्हटलं, काहीही कर, मला हिच्यावर भरवसा हवाय. त्याने डोकं खाजवलं. ‘एक आहे. तेलाची भानगडच काढून टाकू. साध्या कामाच्या गाडीच्या लोखंडी स्प्रिंगा घालतो. स्वस्तात होईल. हिसके बसतील, पण मग ही बसणार नाही. घोड्यासारखी चोवीस तास उभी.’

घोड्यासारखी! किती छान वाटलं ऐकायला!

९ फेब्रुवारी

आपलं चांद्र नवीन वर्ष तोंडावर, त्यामुळे अख्ख्या गावाला केस कुरळे करायचेत. सकाळपासून उभी आहे. पाय माझे नाहीत. प्रत्येक डोकं झालं की मनात म्हणते, हे पुढचं डावं चाक, हे पुढचं उजवं.

१६ फेब्रुवारी

नवीन वर्षाच्या भेटीगाठी. नातेवाईकांकडे तीन घरांत मिळून किती मटण भरलेले बूझ खाल्ले देव जाणे. चौथ्या घरासमोर गाडी सगळ्यांदेखत बसली. चुलतभावाने फोनवर व्हिडिओ काढला. काढ बाबा, काढ. शेवटचाच आहे!

२६ फेब्रुवारी

झालं! स्प्रिंगा बसल्या! शारवने काढलेलं सामान कोपऱ्यात टाकलं होतं, काळं, तेलकट, चार नळकांडी. ‘ठेवू का ताई?’

‘भंगारात घाल. तोंड बघायचं नाही मला त्यांचं.’

शारव लांब उभा राहून गाडीकडे बघत होता. आधीपेक्षाही वीतभर उंच दिसते. त्याने पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. ‘रुबाब आलाय,’ म्हणाला.

२७ फेब्रुवारी

उभी आहे.

२८ फेब्रुवारी

उभी आहे! खांडसुरेन मावशी दारातच थबकल्या. ‘अगबाई, उठली? मलाही ने त्या डॉक्टरकडे!’ दुकान हसलं. मी तर दिवसभर काचेतूनच बघतेय, दोन जणींची झुलपं वाकडी कापली.

६ मार्च

संध्याकाळी बाबांकडे पोचले. ओढा एका दमात पार! वहिनी टाळ्या वाजवायला लागली. बाबा लवकर झोपले होते, गाडी त्यांनी पाहिलीच नाही. बरंच झालं, उद्या सकाळी चकित करीन.

७ मार्च, सकाळ

शर्यतीचा दिवस. थंडी आहे, पण वारा नाही. तोग्तोख पहाटेच उंट घेऊन पुढे गेला. मी गाडीत बसून लिहितेय, बाबांची सीट गरम करत ठेवलीय. बाबा आत निळा लांब देल अंगात चढवताहेत. वहिनी म्हणते, मधाच्या रंगाचा पट्टा बांधलाय, आईने केलेला तो. दोन वर्षं पेटीतच होता. पोरीने शब्द पाळला, असं तिला दोनदा म्हणाले म्हणे.

गाडी उभी आहे, रात्रभर उभी होती. आले!

७ मार्च, संध्याकाळ

बाबांनी काठीने बॉनेटवर टकटक केली. ‘सोग.’ गाडी उभी. ‘सोग, सोग.’ उभीच. दार उघडलं, पाय उचलला. पाय पायरीच्या निम्म्यापर्यंतच गेला. मी हात पुढे केला, तो त्यांनी पाहिलासुद्धा नाही. ‘छान झालीय गं पोरी,’ म्हणाले, आणि पट्टा सोडत गेरकडे वळले. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

मग ओढा दिसला. गाडी आत उतरवली, डावी बाजू काठाला खेटून. काठ आणि सीट एका उंचीला! हाक मारली. बाबा काठावर आले, एकदा गाडीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, पट्टा पुन्हा आवळला आणि पाऊल टाकून आत बसले. दिवसभर खाली उतरले नाहीत. आमचा उंट सातवा आला, खिडकीतून ओरडून ओरडून बाबांचा घसा बसलाय.

शारवला फोन केला. ‘ती नळकांडी भंगारात घातलीस?’

‘उद्या घालतो ताई.’

‘घालू नकोस. गाडीला परत बसव.’

‘अहो, ती गळतात!’

‘गळू देत.’