गोळ्यांमुळे होतं असं

प्रिय ढब्बू,

मी फोन उचलत नाही म्हणून आईकडून निरोप धाडणं आधी बंद कर. ती बिचारी तुझं म्हणणं मला सांगते, माझं तुला, आणि दोघांच्या मध्ये उगाच तिचा जीव टांगणीला लागतो. मी ठणठणीत आहे. इन्शुलिन पुन्हा सुरू झालंय. डेपोने मला परत खिडकीमागे पास द्यायला बसवलंय, तिथला पंखा फक्त आवाज करतो, वारा देत नाही. झाली तब्येतीची चौकशी. आता माझा राग ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. पत्राचा तेवढा एक फायदा आहे.

तुमचे मोठे डॉक्टर परवा मला समजावत होते, की माझ्या शरीराने त्या पेशी नाकारल्या. जसं काही दारात आलेल्या पाहुण्याला मी हाकलून दिलं! अरे, डुकराच्या पेशी त्या, इन्शुलिन बनवायला माझ्या अंगात सोडलेल्या. शरीराला परक्या वाटल्या, ते तुटून पडलं त्यांच्यावर. त्याला गप्प ठेवायला मी मूठमूठ गोळ्या गिळल्या. तोंड आलं, हात थरथरले, पण एक गोळी चुकवली नाही. तरी पेशी मेल्या. त्याचा मला राग नाही. प्रयोग आहे, फसू शकतो, हे मला आधीच सांगितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

मला ड्रायव्हर होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा साखरेने गाठलं. इन्शुलिन घेणाऱ्याच्या हाती प्रवासी द्यायचे नाहीत, हा डेपोचा नियम. बस गेली, पासची खिडकी आली. तू तेव्हा कॉलेजात होतास, मी सुई टोचून घ्यायला लागले की तोंड फिरवायचास. मग डॉक्टर होऊन तूच या पेशींच्या प्रयोगशाळेत लागलास, तूच मला या चाचणीचं सांगितलंस, आणि इन्शुलिन सुटल्यावर मला परत बस मिळाली. पहिल्या दिवशी तू काही काम नसताना माझ्या मागच्या सीटवर बसून शेवटच्या थांब्यापर्यंत आलास आणि तिथून परतही. ते आठवलं की आणखीच चीड येते.

कारण नंतर साखर चढायला लागली, तेव्हा मी पहिला फोन तुलाच केला. गोळ्यांमुळे होतं असं, म्हणालास. एक गोळी वाढव, म्हणालास. मी वाढवली. थांब्यांच्या पाट्या पुसट दिसायला लागल्या, तेव्हा मला वाटलं वय झालं, नंबर बदलला. मी चष्मेवाल्याकडे जाऊन नवा चष्मा करून आणला, मूर्खासारखा! आणि तू काय म्हणालास? फ्रेम शोभते तुला, म्हणालास. साखर वाढली की नजर अशीच धूसर होते, हे तुला ठाऊक नव्हतं? शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं रे!

चौकातला तो म्हातारा मला दिसलाच नाही. बाजूला बसलेली बाई किंचाळली म्हणून ब्रेक दाबला. तो रस्त्यात मटकन बसला होता, बंपरपासून हातभर अंतरावर. मागे एका मुलीचं कपाळ दांड्यावर आपटून फुटलं. मी गाडी कडेला लावली, हॅण्डब्रेक ओढला, आणि खाली उतरून त्या म्हाताऱ्याला हात देऊन उठवलं.

त्याच दिवशी साखर अफाट चढलेली निघाली म्हणून मला भरती केलं, आणि हॉस्पिटलात माझ्या कॉटशी बसून तू सगळं कबूल केलंस. रक्ताच्या तपासणीवरून तुला केव्हाच कळलं होतं की पेशी मरतायत. जास्त गोळ्यांनी वाचतील, मग ताईला सांगायची वेळच येणार नाही, असा तुझा हिशेब. माझ्या हातातलं स्टिअरिंग काढून घ्यायचं तुझ्या जिवावर आलं म्हणे. तुझ्या मायेला काय चाटायचंय? माझ्या मागे गाडीभर माणसं बसली होती! आणि माझंच शरीर, त्यात काय चाललंय हे तुला माहीत आणि मला नाही? आपल्या घरात सगळेच एकमेकांना जपण्यासाठी खोटं बोलतात, पण तू तर डॉक्टर होतास.

मंगळवारी मला तुमच्या चाचणीच्या चौकशी समितीने बोलावलंय. आई म्हणते, मीच लक्ष दिलं नाही असं सांगून टाक, भावाचं आयुष्य आहे. मी तसं सांगणार नाही. तुला माहीत होतं आणि तू लपवलंस, असंच सांगणार आहे. तुझी नोकरी जाईल बहुतेक. हे लिहिताना मला रडू येतंय, तरीही सांगणार. कारण त्या चाचणीत अजून माणसं आहेत, आणि त्यांच्याही रक्ताचे आकडे तुझ्याकडेच येतात. पत्र एवढ्याचसाठी, की तिथे दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला हे कळू नये. वाईट बातमी तुझी आहे, म्हणून सगळ्यांच्या आधी तुला सांगतेय. हे असं करायचं असतं, ढब्बू.

प्रचंड रागावलेली, तरीही तुझीच,
ताई