नाही म्हणायची जागा

नाना, आज दुपारपासून मला एका जागी बसवत नाही. विद्यापीठातल्या माझ्या विभागातून घरी आले, चहा टाकला, तो तसाच सोडून गंगेकाठी पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन आले, आणि आता पुन्हा खिडकीशी उभी राहून हे लिहिते आहे. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली, की जिथे तेव्हा शिकत होते तिथेच आता शिकवते. तुम्ही विचारायचात, "संगणकाचं शिक्षण ना तुझं? मग माणसांच्या मागे काय हिंडतेस?" मी सांगायचे, यंत्र वापरताना माणूस कुठे अडतो, का अडतो, ते बघणं हाच माझा विषय. विभागातले बाकीचे त्याला बटणं रंगवायचं काम म्हणायचे. तुम्ही पाठशाळेत व्याकरण शिकवणारे, एका प्रत्ययावरून घाटावर संध्याकाळभर वाद घालणारे. थोडा विचार करून म्हणालात, "म्हणजे चूक माणसाची की यंत्राची, हाच वाद. मग विषय चांगला आहे."

त्याच वर्षी हिवाळ्यात तुम्हांला लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. समजत सगळं होतं, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. मी टॅब्लेटवर तुमच्यासाठी एक पाटी केली. चित्रावर बोट ठेवलं की माझ्या आवाजात शब्द यायचा: पाणी, जेवण, औषध, दुखतंय, झोप. विभागात तिचं कौतुक झालं. तुम्ही थोडे दिवस ती निमूट वापरलीत, आणि एके दिवशी पालथी घालून ठेवलीत. मला वाटलं, डाव्या हाताला चित्रं लहान पडत असतील. मोठी केली. पुन्हा पालथी. मी स्वयंपाकघरात जाऊन आईजवळ कुरकुरले. ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात त्यांना सगळं मागता येतं. भांडता कुठे येतं?"

त्या दुपारी मी पाटीवर तीन शब्द वाढवले. नाही. असं नाही. का? तुम्ही ते बघितलेत आणि काहीच केलं नाहीत. मी निराश झाले होते.

मग नागपूरहून काका आले. तुमच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले आहेत आणि बोलताहेत आईशी. "दादाला आम्ही घेऊन जातो, वहिनी. या गल्लीत रिक्षा येत नाही, उद्या काही झालं तर ॲम्ब्युलन्स कुठून येणार?" खोटं काहीच नव्हतं त्यात. आई पदराशी चाळा करते आहे. तिकिटांची गोष्ट निघते, कोणत्या खोलीत ठेवायचं तेही ठरतं. आणि खोलीत माझा आवाज उमटतो, "नाही." काका माझ्याकडे वळून म्हणतात, "तुला कोणी विचारलं?" मी तर तोंडही उघडलेलं नाही. पुन्हा माझाच आवाज, "असं नाही." काकांना उमगलं तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "दादा, यायचं नाही तुला?" तुम्ही बोट ठेवलंत, "नाही," आणि मग तुम्ही हसलात. चेहऱ्याची एकच बाजू हसली. तुम्ही इथेच, दूधविनायकाच्या या गल्लीत राहिलात, त्या दिवसापासून आईशी रोज भांडलात, अगदी डाळीतल्या मिठावरूनसुद्धा, आणि याच घरात गेलात.

आता आजचं सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीने वाचा गेलेल्या माणसांसाठीच एक यंत्र केलंय. ते माणसाच्या सवयी शिकतं. बोट हलायच्या आत पूर्ण वाक्य बोलून टाकतं. सकाळी तिची तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक खूश होते. मी विचारलं, "आणि त्या माणसाला ते म्हणायचंच नसलं तर?" ती म्हणाली, "मॅम, ज़्यादातर तो सही ही बोलता है." म्हटलं, "सही बोलता है, मान लिया. उसे रोकेंगे कैसे?" तिने पडद्याकडे पाहिलं. थांबवायचं बटण कुठेच नव्हतं. मी अहवालात लिहिलं, काम उत्तम आहे, पण वापरणाऱ्याला त्याचं बोलणं अडवता येईपर्यंत ते कोणाच्या हाती देऊ नये. ती रडली नाही, यंत्र पिशवीत घालून निघून गेली. मला ती आवडते, नाना. तिच्या वयाची असताना मीही चित्रं मोठी करत बसले होते.

दुपारी तिचं यंत्र विकत घेऊ पाहणाऱ्या बंगळुरूच्या कंपनीतून फोन आला. तिनेच त्यांना माझा आक्षेप कळवला होता. ते म्हणाले, तुम्हांला एवढं खटकतंय तर तुम्हीच या, दोन वर्षं इथे राहून दुरुस्त करा. मी विचार करते म्हणायला हवं होतं. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यापासून पाय थांबत नाहीत.

आई आता थकली आहे. बंगळुरूला ती येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. ती आत कुकर लावते आहे, दोनदा विचारून झालं, काय लिहितेस म्हणून. सांगितलं तर ती "जा" म्हणेल, क्षणभरही न थांबता म्हणेल. त्या "जा"मागे "नाही" आहे का, हे माणूस कुठे अडतो ते शिकवणाऱ्या मला ओळखता येणार नाही, याची भीती वाटते.