रबराच्या बाईले आजी म्हणते

सोमवार, दिवेलागणीले. मी सांगते, सून लिहून राहिली. तिनं नातीले सांगू नये.

माझी नात साकोलीले नर्स आहे. थांबलेलं काळीज चालू करायची उद्या तिची परीक्षा, म्हणून सरावाले रबराची बाई घरी आणली. माझ्याच चटईवर निजवली. तिचे खांदे थोपटून विचारते, "आजी, ऐकू येते का?" मग घाम येईपर्यंत छाती दाबते. त्या बाईले पायच नाहीत, नाहीतर तेही दाबले असते. माझे दोन्ही ठणकून राहिले. रबरावर जळावं का मी?

"मलेच दाब," म्हटलं.

"जित्या माणसाची छाती दाबत नाही, आजी."

"म्हणजे तुझ्या हातासाठी मरावं लागंल?"

तिनं बाई बाजूले सारली. माझे खांदे थोपटले. "आजी, ऐकू येते का?"

मी बोललीच नाही. पुन्हा विचारंल म्हणून.